डेथ प्रूफ : ओरखडे खोटे, बॉनेटवरची बाई खरी

पडद्यामागचा

स्पॉयलर आहेत आणि भरपूर आहेत. ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या, धागा कुठे पळून जात नाही.

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेत 'ग्राइंडहाउस' लागला. एका तिकिटात दोन सिनेमे: आधी रॉबर्ट रॉड्रिगेझचा 'प्लॅनेट टेरर', मग क्वेंटिन टॅरंटिनोचा 'डेथ प्रूफ', आणि मध्ये अस्तित्वातच नसलेल्या सिनेमांचे खोटे ट्रेलर. सगळं मिळून तीन तासांच्या वर. धंद्याच्या दृष्टीने आपटला. खर्च ५ कोटी डॉलरहून जास्त आणि अमेरिकेतली कमाई जेमतेम अडीच कोटी. पहिला सिनेमा संपल्यावर शो संपला असं समजून लोक उठून घरी गेले, असे किस्से तेव्हा बरेच छापून आले. बाहेरच्या देशांत मग दोन्ही वेगवेगळे लावले. टॅरंटिनोचा लांबवलेला 'डेथ प्रूफ' त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

ग्राइंडहाउस म्हणजे काय ते थोडक्यात. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर, सातव्या आणि आठव्या अॅव्हेन्यूच्या मधे, एकाला एक लागून थिएटरं होती. दिवसभर शो चालू, एका तिकिटात दोन-तीन सिनेमे, कधीही आत शिरा, कधीही बाहेर पडा. इथे लागायचे ते सिनेमे छोट्या कंपन्यांचे. स्टार परवडत नाही, सेट परवडत नाही, मग मोठे स्टुडिओ जे दाखवायला लाजतात ते दाखवायचं: रक्त, उघडं अंग, वेग. १९६८ मध्ये हॉलिवूडची जुनी आचारसंहिता गेली, तिच्या जागी वयोगटाची प्रमाणपत्रं आली, आणि मग कुणाला धरबंधच राहिला नाही. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्समध्ये तर नाव आणि पोस्टर आधी ठरायचं, गिऱ्हाईक दिसलं की मग गोष्ट लिहायची. प्रिंटा मोजक्याच. त्याच गावोगाव फिरायच्या. शेवटच्या गावात पोचेपर्यंत रंग उडून सगळं गुलाबी, मधल्या चौकटी गायब, कधी अख्खं रीळ गायब. गावागणिक नावंही बदलायची, म्हणजे आधी पडलेला सिनेमा नवा म्हणून खपवता यायचा.

टॅरंटिनोने हे सगळं घेतलंय. सुरुवातीला क्षणभर 'थंडर बोल्ट' असं नाव झळकतं आणि लगेच त्यावर काळी पाटी येते: डेथ प्रूफ. पहिल्या अर्ध्यात ओरखडे आहेत, वाक्यं मधेच तुटतात, एखादी चौकट दोनदा येते. दोन्ही सिनेमे एकत्र असलेल्या जोड-आवृत्तीत बारमधला नाच सुरू होणार तेवढ्यात 'रीळ हरवले आहे' अशी पाटी येऊन पुढचंच दृश्य सुरू होतं. गंमत वाटते. पण खरं सांगू का, हा भाग कुणालाही जमेल. नवी जीन्स मुद्दाम फाडून विकतात, त्यातलाच प्रकार. रॉड्रिगेझने तर सिनेमा डिजिटलवर काढला आणि संगणकावर म्हातारा केला.

माझं म्हणणं असं, की 'डेथ प्रूफ'मधली जुन्या सिनेमांना दिलेली खरी सलामी दुसऱ्या अर्ध्यात आहे, जिथे ओरखडे जवळजवळ नाहीसेच होतात.

गोष्ट साधी. स्टंटमॅन माइक (कर्ट रसेल) ऑस्टिनमध्ये चार मुलींवर पाळत ठेवतो. त्याची काळी शेव्ही नोव्हा स्टंटसाठी आतून बांधलेली आहे, चालवणारा मरणार नाही अशी. रात्री तो दिवे बंद करून त्यांच्या छोट्या होंडावर समोरून येतो, अगदी शेवटच्या क्षणी दिवे लावतो आणि थेट अंगावर घालतो. ती धडक आपल्याला चारदा दिसते, प्रत्येक मुलीची वेगळी. गाणं चालू, ज्युलियाचा पाय खिडकीबाहेर... पुढचं लिहीत नाही. सिनेमा तिथे नायिकांशिवाय उरतो. चौदा महिन्यांनी, टेनेसीतल्या लेबनॉन गावात, माइक नव्या चार मुली हेरतो. पण या मुली सिनेमाच्या धंद्यातल्या आहेत. त्यातल्या दोघी स्टंटवाल्या.

त्यातली एक म्हणजे झोई बेल, आणि ती झोई बेल म्हणूनच वावरते. न्यूझीलंडची स्टंटवाली, टॅरंटिनोच्याच 'किल बिल'मध्ये उमा थर्मनच्या जागी मार खाणारी. तिला १९७० ची पांढरी डॉज चॅलेंजर चालवून बघायचीय, कारण १९७१ च्या 'व्हॅनिशिंग पॉइंट'मध्ये तीच गाडी होती. गाडी मिळाल्यावर ती बॉनेटवर चढते, दोन्ही दारांना बांधलेले पट्टे हातात धरते, पाठ काचेला, आणि गाडी चालवणाऱ्या किमला, म्हणजे दुसऱ्या स्टंटवालीला, सांगते: सोड. तेवढ्यात मागून माइक येतो.

आता जरा थांबून बघा. स्टंटच्या वेळी कॅमेरा काय करतो? चोरी करतो. केस पुढे आणतो, पाठ दाखवतो, लांबून घेतो, कारण नायिकेच्या जागी दुसरी बाई आहे हे झाकायचं असतं. इथे झाकायचं काही नाहीच. नायिका आणि स्टंटवाली एकच. त्यामुळे कॅमेरा थेट तिच्या तोंडावर जातो. गाडी डावीकडे झोकली की तिची टाच पत्र्यावरून घसरते, एक पट्टा सुटतो, ती बॉनेटच्या कडेला बोटं रुतवते, आणि हे सगळं तुटक-तुटक चलाखीने नाही, सलग दिसतं. सुरक्षेची सोय असणारच, पण वारा खरा, पत्रा खरा, रस्ता खरा. संगणकाने घातलेल्या गाड्या नाहीत. गरिबीतल्या त्या सिनेमांकडे एवढी एकच श्रीमंती होती: जे दिसतंय ते कुणीतरी खरंच केलंय. सलामी द्यायची तर त्याला द्यायची. बाकी धूळ कुणीही उडवेल.

छायाचित्रणही टॅरंटिनोनेच केलंय यात. आणि संकलन सॅली मेंकेचं. पाठलागाचा तो भाग तिच्यासाठी म्हणून एकदा आवाज बंद करून बघा.

तुमचं मत?

---

उगाचच

वाखुसा (वाचनखूण साठवली). लेख आवडला, सिनेमा नाही. बारमधल्या त्या गप्पा संपतच नाहीत हो. मी धडकेच्या आधीच झोपलो होतो. मुली बोलतायत, मग परत बोलतायत, मग पावसात उभं राहून बोलतायत. थ्रिलर म्हणे.

---

गॅरेजवाला बंड्या

गप्पांचं सोडा राव, गाड्यांवर बोला कुणीतरी!

नोव्हाच्या बॉनेटवर पांढरी कवटी आणि पुढच्या टोकाला बदक लक्षात आलं का? ते बदक १९७८ च्या 'कॉन्व्हॉय'मधल्या ट्रकवरचं. नंबर प्लेट 'बुलिट'मधल्या मस्टँगची. दुसऱ्या अर्ध्यात माइककडे १९६९ ची डॉज चार्जर आहे, आणि 'बुलिट'मध्ये मस्टँगच्या मागे लागलेली गाडीही चार्जरच, फक्त एक वर्ष जुनं मॉडेल. म्हणजे हा माणूस पडद्यावरच्या गाड्यांचे तुकडे अंगावर मिरवत फिरतोय. चॅलेंजरमधलं ४४० म्हणजे ४४० घनइंच, आपल्या हिशेबात सात लिटरच्या वरचं इंजिन. आपल्याकडच्या छोट्या गाडीत एक लिटरचं असतं, त्यावरून काढा अंदाज.

आणि एक बारकावा. 'डेथ प्रूफ' गाडी म्हणजे आतून पाइपांचा पिंजरा, ड्रायव्हरला खोल सीट आणि खांद्यावरून येणारे पट्टे. तो पिंजरा गाडी उलटली तरी छप्पर खाली बसू देत नाही आणि पट्टे माणसाला सीटपासून सुटू देत नाहीत. दोन्ही असतील तर वाचतो. एकच असेल तर नाही. बारमधून माइक ज्या पॅमला घरी सोडतो म्हणून शेजारी बसवतो, तिच्याकडे पट्टा नाही, गादी नाही, नुसती पेटीतली बैठक. माइक तिला आधी प्रेमाने समजावून सांगतो सगळं. मग गाडी गेटबाहेर काढतो आणि म्हणतो, ही गाडी शंभर टक्के डेथ प्रूफ आहे, पण त्याचा फायदा घ्यायला माझ्या जागेवर बसावं लागतं. अंगावर काटा आला होता.

---

निशिगंधा

बंड्यांचा बारकावा महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे परत येते.

आधी तक्रार. 'सलामी' हा शब्द सगळे फार सहज वापरतायत. पहिल्या अर्ध्यात कॅमेरा त्या मुलींच्या पायांवरून, मांड्यांवरून ज्या रेंगाळत फिरतो, तो नक्की कुणाचा डोळा आहे? माइकचा म्हणावं तर माइक अजून आलेलाच नसतो. दुसऱ्या अर्ध्यात मुली जिंकतात म्हणून पहिल्याची वसुली झाली असं म्हणायचं का? आणि ली, दुसऱ्या अर्ध्यातली चौथी मुलगी! त्या बिचारीला चीअरलीडरच्या कपड्यांत, मालकाकडे गाडीचं तारण ठेवल्यासारखं सोडून बाकीच्या तिघी निघून जातात. वर तिच्याबद्दल त्या माणसाला सूचक काहीतरी सांगून. पुढे तिचं काय झालं हे सिनेमा सांगत नाही. विनोद म्हणून सोडून दिलंय. बायकांच्या सुडाच्या सिनेमात हे मला अजिबात पचलं नाही.

कॅरल क्लोव्हरचं १९९२ चं पुस्तक या विषयावर वाचण्यासारखं आहे. स्लॅशर सिनेमात, म्हणजे खुनी एकेकाला मारत सुटतो त्या भयपटात, शेवटी उरणारी एकटी मुलगी, जिच्या नजरेतून पुरुष प्रेक्षकही बघायला लागतात, ही कल्पना तिची. टॅरंटिनोने इथे एकटीच्या जागी टोळी ठेवली, ते नवीन आहे हे मान्य.

पण जुन्या काळात हे काम बाईने केलेलंही आहे. स्टेफनी रॉथमन. स्वस्त सिनेमांचा निर्माता रॉजर कॉर्मन, त्याच्या न्यू वर्ल्ड कंपनीसाठी तिने १९७० मध्ये 'द स्टुडंट नर्सेस' केला. ठरलेली नग्नता दिली, आणि त्याच सिनेमात गर्भपाताचा प्रश्नही घुसवला, तेव्हा अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तो बेकायदा होता. कॉर्मनच्या हाताखाली शिकलेल्या स्कॉर्सेसी, कोपोला, डेमीची नावं सगळ्यांना पाठ असतात. रॉथमनला पुढे मोठा सिनेमा कुणी दिलाच नाही. सलामी द्यायला ही पण होती की.

---

खडूस काका

कचऱ्याला कचरा म्हणायची पण चोरी झाली आता. आमच्या वेळी असले इंग्रजी सिनेमे मॉर्निंग शोला लागायचे. पोस्टरवर एक, आत भलतंच. लोक शिव्या घालत बाहेर यायचे आणि पुढच्या आठवड्यात परत रांगेत. त्यावर कुणी पुस्तकं लिहील असं वाटलं नव्हतं. चालू द्या.

---

सातारी तडका

काका +१, पण शिव्या घालत परत जायचो आपण, हे विसरू नका.

पडद्यामागचा, प्रिंटांबद्दल लिहिलंय ते वाचून पुसेगावची जत्रा आठवली. ट्रकवर बसवलेलं मशीन, तंबू, खाली माती. तिथे येणारी प्रिंट शहरात चार घाटांचं पाणी पिऊन आलेली असायची. पट्टी तुटली की तंबूत शिट्ट्या, ऑपरेटर आत घामाघूम, दोन टोकं जोडून परत चालू. जोडताना आठ-दहा चौकटी जायच्याच. एका हाणामारीत तर हिरो दारातून आत येतो आणि पुढच्या क्षणी खलनायक जमिनीवर. मधलं सगळं कुठल्यातरी आधीच्या गावात राहिलं. आम्हाला काही विशेष वाटायचं नाही, गोष्ट कळायची. त्यामुळे 'रीळ हरवले आहे' या पाटीवर तिकडचे लोक हसले असतील, मला मात्र ती फार सभ्य वाटली. आमच्याकडे पाटी कुणी लावत नव्हतं!

रामसे बंधूंचे सिनेमे तंबूत हमखास चालायचे. 'पुराना मंदिर', 'वीराना'. थोडक्या पैशांत, घरचीच माणसं हाताशी धरून काढलेले. पहिला भयपट, 'दो गज जमीन के नीचे', १९७२ चा, त्यांनी आपल्या महाबळेश्वरला मुक्काम ठोकून काढला. आशिम अहलुवालियाच्या 'मिस लव्हली'त (२०१२) त्याच्याही खालच्या थरातला मुंबईचा धंदा आहे. पण तो सलामी नाही देत, तो त्या घाणीत कॅमेरा घेऊन उभा राहतो. थ्रिलर म्हणून बघायला गेलात तर वैतागाल, पण बघाच.

---

ऑस्टिनकर

गावचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. नोकरीनिमित्त इथेच असतो.

ज्या बारमध्ये स्वतः टॅरंटिनो दारू ओततोय ते टेक्सास चिली पार्लर. खरंच आहे, आतून साधारण तसंच. त्याआधी मुली ज्या ठिकाणी बसतात ते गेरोज टाको बार. दुसरा अर्धा मात्र टेनेसी म्हणून कॅलिफोर्नियात काढलाय. ते पिवळे डोंगर बघून इथलं कुणी फसत नाही.

रच्याकने (बाय द वे), या गावाला असल्या सिनेमांचं वेड आधीपासून. 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' (१९७४) इथेच आसपास काढला. इथल्या अलामो ड्राफ्टहाउस थिएटरात जुन्या प्रिंटा लावायचा ठरलेला वारच असायचा. आणि त्या खोट्या ट्रेलरांचं पुढे काय झालं माहितीय ना? 'माचेटी' २०१० मध्ये खराच सिनेमा झाला, 'होबो विथ अ शॉटगन' २०११ मध्ये, 'थँक्सगिव्हिंग' तर २०२३ मध्ये. पोस्टर आधी, सिनेमा नंतर. जुना धंदा अगदी नियमाप्रमाणे पार पडला.

---

पडद्यामागचा

सातारी, तंबूचा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. लिहाच.

निशिगंधा, लीबद्दल शंभर टक्के. रेंगाळणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल मात्र माझं वेगळं आहे. तो कॅमेरा आपल्याला माइकच्या शेजारी बसवतो, मग धडक चारदा दाखवून विचारतो, हेच बघायला आला होतात ना? पहिल्या अर्ध्यातला माइक देखणा आहे, गोड बोलतो. दुसऱ्या अर्ध्यात हाताला गोळी चाटून गेल्यावर तोच रस्त्याकडेला लहान पोरासारखा रडतो. थिएटरात त्याच्या बाजूने बसलेल्यांची तिथे चांगलीच पंचाईत होते.

---

निशिगंधा

हे उत्तर मी नेहमी ऐकते. 'तुम्हाला लाज वाटावी म्हणूनच दाखवलं.' असेल. पण ज्यांना लाज वाटत नाही त्यांनाही तेच बघायला मिळालं, आणि तिकिटाचे पैसे दोघांचे सारखेच.

आता बंड्यांच्या पेटीकडे येते. शेजारच्या सीटभोवती ती पेटी का आहे हे माइक पॅमला सांगतो, आठवतंय? धडकेच्या दृश्यात दिग्दर्शकाला कधीकधी गाडीच्या आत कॅमेरा हवा असतो, तो इथे ठेवतात. म्हणजे पॅम मरते ती कॅमेऱ्याच्या जागेवर बसून.

२०१८ च्या फेब्रुवारीत उमा थर्मनने न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं, की 'किल बिल'च्या वेळी मेक्सिकोत तिला एका उघड्या गाडीत बसवून स्वतः चालवायला लावलं. तिला गाडीची भीती वाटत होती, स्टंटवाल्याला बसवा असं ती म्हणाली होती. टॅरंटिनोने तिला पटवलं. रस्ता वाळूचा, वळणाचा. गाडी झाडावर आदळली, मानेला आणि गुडघ्यांना कायमची इजा झाली. मागे कॅमेरा लावलेला होता, त्यात सगळं टिपलं गेलं, आणि ते चित्रण तिच्या हातात यायला पंधराएक वर्षं गेली. ते मिळवून द्यायला शेवटी टॅरंटिनोनेच मदत केली, आणि आयुष्यातला हा मोठा पश्चात्ताप आहे असंही तो म्हणाला, हे पण नोंदवते.

आता सनावळी बघा. अपघात 'किल बिल'च्या वेळचा, म्हणजे 'डेथ प्रूफ'च्या आधीचा. २००७ मध्ये तोच माणूस सिनेमा काढतो, ज्यात सिनेमावाला पुरुष बाईला 'गाडी सुरक्षित आहे' म्हणून आत बसवतो, आणि सुरक्षित फक्त तोच असतो. त्याने हे जाणूनबुजून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण आता तो सीन बघताना मला दुसरं काही दिसत नाही. आणि पॅमचं काम रोझ मॅकगोवनने केलंय. निर्माता हार्वी वाइनस्टीनवर लैंगिक अत्याचाराचे जाहीरपणे आरोप करणाऱ्या पहिल्या काही जणींपैकी ती एक. ज्या डायमेन्शन कंपनीने हा सिनेमा लावला ती वाइनस्टीन बंधूंचीच. 'जे दिसतंय ते कुणीतरी खरंच केलंय' ही तुमची ओळ मला म्हणूनच टोचली. खरं केलंय, पण कुणाच्या सांगण्यावरून, आणि नाही म्हणता येत होतं का?

---

खडूस काका

हे माहीत नव्हतं. पोरी, चांगलं लिहिलंस.

---

पडद्यामागचा

हे वाचून बराच वेळ काही टाइप केलं नाही.

तुमचा प्रश्न 'नाही म्हणता येत होतं का' हाच असेल तर मला वाटतं झोई बेलची जागा वेगळी ठरते. थर्मन अभिनेत्री होती, ते काम तिचं नव्हतं, आणि तिने नको म्हटलं होतं. बेलचा तो धंदा आहे. कुठला पट्टा कुठे बांधायचा, कुठल्या वेगाला हात सोडायचा हे तिला दिग्दर्शकापेक्षा जास्त कळतं. सिनेमातही बघा, बॉनेटवर चढायची कल्पना तिची, आणि किम आधी साफ नाही म्हणते, मग दोघींची घासाघीस होते. पॅमला कुणी विचारत नाही, झोई स्वतः अटी घालून चढते. मला तर आता वाटतं, दोन अर्ध्यांमधला खरा फरक तोच आहे. एकीकडे गाडीत बसवलेल्या बायका, दुसरीकडे गाडी माहीत असलेल्या.

टॅरंटिनो स्वतः या सिनेमाला आपला सगळ्यात कच्चा सिनेमा मानतो, २०१२ मध्ये तसं बोलला होता. मला उरलेल्यांतले काही याच्यापुढे गुळगुळीत वाटतात. भांडा.

---

गॅरेजवाला बंड्या

भांडत नाही. फक्त एवढंच, की 'एक्स' (२०२२) कुणी बघितला का? टाय वेस्टचा. गोष्ट १९७९ च्या टेक्सासमधली आणि काढलाय न्यूझीलंडमध्ये. झोई बेलने केलेल्या प्रवासाची उधारी फेडली म्हणायची. त्यात खोटे ओरखडे फारसे नाहीत, पण काळ पकडलाय. गाड्या मात्र कमी.

---

निशिगंधा

'बसवलेल्या आणि माहीत असलेल्या' हे पटलं. ली तरी पहिल्या गटातच राहते, आणि ती दुसऱ्या अर्ध्यात आहे. त्याचं काय करायचं ते सांगा.

---

उगाचच

एवढं वाचल्यावर परत बघावा म्हणतो. कुठली आवृत्ती बघू? लांब का आखूड?

---

ऑस्टिनकर

जोड-आवृत्ती बघा, २०१० मध्ये ब्लू-रेवर आली. खोटे ट्रेलर त्यातच मिळतात आणि तुमच्या गप्पाही थोड्या कमी आहेत. लांब आवृत्तीत हरवलेलं रीळ सापडतं, म्हणजे तो नाच पूर्ण आहे, आणि दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला दुकानासमोरचा एक कृष्णधवल भाग जास्तीचा आहे. तो मला आवडतो. नाच नसता तर बरं झालं असतं, 'रीळ हरवले' हीच जास्त मजा होती.

---

उगाचच

ठरलं, आज रात्री जोड-आवृत्ती. बायको विचारतेय कसला सिनेमा आहे. काय सांगू?

---

गॅरेजवाला बंड्या

गाड्यांचा आहे म्हणा. लेबनॉनची पाटी येईपर्यंत तिला चहा करायला लावू नका, स्वतः करा.